शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं पोर आणि कळंगुटकडचा संडे बुफे

जेवण मस्त होतं, चवीबद्दल काही तक्रार नाही, पण हा रिव्ह्यू चवीचा नाहीचे. आमच्या सहा वर्षांच्या बाबूला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, आणि ती अंगावर दोन गांधी उठल्या नि विरल्या अशातली नाही, दीड वर्षाचा असताना चिक्कीच्या एका तुकड्याने ओठ सुजले, श्वास लागला, रात्री बांबोळीला जीएमसीत पळवत नेला, तेव्हापासून बॅगेत डॉक्टरांनी लिहून दिलेलं अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन असतंच. हॉटेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

खरं तर आम्ही बुफेला जात नाही. पण नवऱ्याचे चुलतभाऊ पुण्याहून आले, त्यांना 'अनलिमिटेड' पाहिजे होतं, मग काय करणार. घरच्या गोंयच्या जेवणाची मला भीती नसते, हुमण काय, सुकं काय, सगळं नारळावर चालतं, फक्त शागुतीचा मसाला भाजताना कोणी कोणी दाणे टाकतात म्हणून ती विचारूनच. पाहुण्यांच्या घरी मात्र कोशिंबिरीपासून भरल्या वांग्यापर्यंत सगळीकडे कूट, तिथे बाबूचा डबा वेगळा नेते मी.

आदल्या दिवशी फोन केला होता, म्हणून साडेबाराला, काउंटर उघडल्या उघडल्या पोचलो. आणि इथे हॉटेलला पूर्ण मार्क. शेफ स्वतः बाहेर आले, कपाळावर आठी नाही, घाई नाही, माझ्याबरोबर एकेका भांड्यापाशी फिरले. कुंग पाव चिकनमध्ये दाणे, सातेच्या सॉसमध्ये दाणे, कोशिंबिरीत कूट, तळण रिफाइंड सूर्यफुलाच्या तेलात पण कढई एकच, म्हणून बाबूला चणक मासा वेगळ्या तव्यावर भाजून देतो म्हणाले. दिलाही. एवढं कोणी करत नाही हो.

पण शेफ काय दिवसभर काउंटरवर उभे राहणार नाहीत. दीड वाजता गर्दी झाली आणि एका काकांनी कोशिंबिरीतला डाव उचलून सरळ शेजारच्या दहीभातात घातला, भात वाढून घेतला आणि डाव तिथेच ठेवून गेले. काकांचा दोष नाही, त्यांना काय माहीत. पण तोच दहीभात शेफनी मला तासाभरापूर्वी 'हा चालेल' म्हणून दाखवला होता, आणि मी प्लेट घेऊन निघालेच होते! बुफेत पदार्थापेक्षा डावाची भीती जास्त, हे मला डोळ्यांनी बघेपर्यंत नीट कळलं नव्हतं. म्हणजे साडेबाराला मिळालेलं उत्तर दीडला शिळं. मी सांगितल्यावर काउंटरवरचा पोरगा पळत आला आणि डावावर सॅनिटायझर मारून पुसायला लागला, त्याला म्हटलं बाबा, जंतू मरतील, दाण्याचा अंश त्याने जात नाही, त्याला साबण नि पाणीच लागतं. डाव बदलला, भात मात्र तोच राहिला. ही चूक त्यांची. कोशिंबीर दहीभाताला चिकटून ठेवायचीच कशाला? आणि भांड्यांपुढच्या पाट्यांवर हिरवा-लाल ठिपका सोडून काही नाही. एफएसएसएआयच्या (म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या) 2020 च्या लेबलिंग नियमांत सेंट्रल लायसन्सवाल्या किंवा दहा नि त्याहून जास्त ठिकाणी आउटलेट असलेल्या हॉटेलांनी अ‍ॅलर्जीची माहिती द्यायची असं आहे, हे त्यात बसतात की नाही ते सोडा, नियम नसला तरी पाटीवर 'शेंगदाणे' लिहायला किती शाई लागते.

आता डेझर्ट. बेबिंका ठीक, त्याच्या शेजारी चॉकलेटचा केक, वर काहीतरी भुरभुरवलेलं. बाबूला बदाम, काजू चालतात, टेस्ट करून घेतलंय (शेंगदाणा म्हणजे कडधान्याच्या जातीतला, झाडावरच्या बदामाशी नातं नाही त्याचं). तिथल्या मुलाला हिंदीत विचारलं, वर काय आहे, तो हसून म्हणाला, "बदाम है मॅडम." मी वाकून बघितलं तर गुलाबी सालीचे तुकडे! दाणेच. पोरगा नेपाळचा, आणि नेपाळीत शेंगदाण्यालाच बदाम म्हणतात. मला हे माहीत होतं कारण आमच्या सोसायटीचा वॉचमन नेपाळचाच, तो संध्याकाळी गेटवर 'बदाम' सोलत बसतो. त्या मुलाने खोटं काही सांगितलं नाही, त्याच्या भाषेत ते बदामच, पण माझे हातपाय गार पडले. गोव्यातल्या हॉटेलांत सर्व्हिसला नेपाळपासून कारवार-हुबळीपर्यंतची मुलं, तेव्हा आता मी नुसतं पीनट म्हणत नाही, मूंगफली म्हणते, शेंगा म्हणते, आणि टरफलासकट दोन शेंगांचा फोटो ठेवलाय मोबाईलवर, तो दाखवते. खऱ्या शेंगा पर्समध्ये ठेवायची आयडिया नवऱ्याची, त्याला हात जोडले.

बाबूने खाल्लं काय, तर भाजलेलं चणक, दोन पोई आणि घरून नेलेला शिरा. बिलात त्याचा अर्धा बुफे लावला होता, मी काही बोलायच्या आतच मॅनेजरनी स्वतःहून काढला, फक्त माशाचे पैसे घेतले. शेफसाठी पाच स्टार, काउंटरच्या मांडणीला दोन. पाहुणे चवथीनंतर परत येतायत, तेव्हा मेनूवरून मागवायचं, बुफे नाही, असं आत्ताच सांगून ठेवलंय.