अंधेरीतला सहा महिन्यांचा लॉजिस्टिक्स डिप्लोमा: कुठे पैसे वसूल, कुठे नाही

मुंबई विमानतळाच्या सहार कार्गोच्या पट्ट्यात लॉजिस्टिक्सचे क्लास बरेच आहेत. हा रिव्ह्यू त्यातल्याच अंधेरी पूर्वेच्या एका संस्थेच्या शनिवार-रविवारच्या डिप्लोमाचा. संस्थेचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण इथे जे चांगलं आणि जे कमी आहे, ते कुठल्याही क्लासमध्ये तपासून पाहण्यासारखं आहे.

सगळ्यात दमदार भाग म्हणजे कंटेनर भरायचा सराव. ६० × ४० × ४० सेंटीमीटरची खोकी वीस फुटी कंटेनरमध्ये किती बसतील? नुसत्या आकारमानाने भागलं तर उत्तर येतं ३४४, आणि नवीन मुलं हाच आकडा पार्टीला कळवून मोकळी होतात. पण कंटेनर आतून साधारण ५८९ सेंटीमीटर लांब, २३५ रुंद आणि २३९ उंच. सहा थरांना २४० लागतात, म्हणजे एका सेंटीमीटरने सहावा थर हुकतो. खाली ६० ची बाजू कंटेनरच्या रुंदीत धरून ३ रांगा, प्रत्येकीत १४. उरलेल्या पट्टीत ६० ची बाजू लांबीत धरून ९. थरात ५१, पाच थरांचे २५५. खोक्याची उंची ३९ करता आली तर तोच कंटेनर ३०६ खोकी घेतो. पॅकिंग ठरण्याआधी लॉजिस्टिक्सवाल्याला का विचारायचं, हे या एका गणितात डोक्यात पक्कं बसतं. पुढच्या तासाला तेच खोकं विमानाने पाठवतात: वजन ९ किलो, पण तिन्ही मापांचा गुणाकार भागिले ६००० केला की जागेच्या हिशेबाने वजन येतं १६. दोन्हीत जे जास्त तेच धरतात, म्हणून भाडं लागतं १६ किलोचं.

कागदपत्रांचा भागही मनापासून शिकवतात. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सकडे द्यायचा कागद, फाइल होण्याआधीची चेकलिस्ट, त्यात मुद्दाम घातलेल्या चुका, आणि त्या शोधायला वीस मिनिटं. इन्व्हॉइस सीआयएफ (माल, भाडं आणि विमा धरून) आहे पण फ्रेट आणि इन्शुरन्सचे रकाने रिकामे, म्हणून एफओबी किंमत (भाडं-विमा वगळून) फुगलेली. पॅकिंग लिस्टचं ग्रॉस वेट आणि चेकलिस्टमधलं वेट वेगळं. मालाचा प्रकार सांगणाऱ्या आठ अंकी एचएस कोडचा एक आकडा इकडचा तिकडे. नोकरीत पहिल्या महिन्यात ओरडा बसतो तो अशाच चुकांवरून. १ जुलै २०१६ पासून व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन, दिल्याशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढत नाही, तो फॉर्मही प्रत्येकाकडून भरून घेतात.

रस्ते वाहतुकीचा भाग मात्र निराश करतो. नोट्समध्ये अजून ई-वे बिलाची, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन परवान्याची, मुदत दर १०० किलोमीटरला एक दिवस अशी छापलेली आहे. साध्या मालासाठी १ जानेवारी २०२१ पासून ती २०० किलोमीटरला एक दिवस झाली. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला तर बिलाच्या पार्ट बी मध्ये, म्हणजे गाडीच्या तपशिलात, नवा गाडी नंबर टाकावा लागतो. मुदत संपण्याआधी आठ तास ते संपल्यावर आठ तास, एवढ्यातच ती वाढवून मिळते. याबद्दल नोट्समध्ये एक ओळ नाही, आणि गाडी अडते ती नेमकी इथेच. भाड्याचं गणित डिझेल आणि टोलवर संपवलंय. वराई, हमाली, हॉल्टिंग (गाडी थांबून राहण्याचे पैसे), रिकामी परतणारी गाडी, हे धरलं नाही तर कोटेशन तोट्यातच जातं. भिवंडीच्या गोदामांत किंवा कळंबोलीच्या ट्रक अड्ड्यावर एक दिवस बसवलं असतं तरी पुरलं असतं.

डिमरेज (माल वेळेत न उचलल्याचा आकार) आणि डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) यांच्या व्याख्या पाठ करून घेतात, हिशेब नाही. न्हावा शेवा बंदरात उतरलेला कंटेनर सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात) पडून राहिला तर ग्राउंड रेंट, म्हणजे जागेचं भाडं, तिथलं, आणि रिकामा कंटेनर उशिरा परत गेला तर डिटेन्शन शिपिंग लाइनचं. दोन्ही मीटर एकाच वेळी चालू असतात. फ्री दिवस आणि पुढचे स्लॅब घेऊन चार-पाच उदाहरणं सोडवली असती, तर हा भाग सोन्यासारखा झाला असता.

जाहिरातीतल्या ‘कस्टम्स क्लिअरन्स एक्स्पर्ट’ला भुलू नका. कस्टम्समध्ये पार्टीच्या वतीने कागदांवर सही करायला एफ किंवा जी कार्ड, म्हणजे कस्टम्सचं ओळखपत्र, लागतं, आणि ते कस्टम्सची परीक्षा दिल्यावरच मिळतं. या डिप्लोमाने फार तर सीएचएच्या (कस्टम्स एजंटच्या) ऑफिसात डॉक्युमेंटेशनची खुर्ची मिळते. सुरुवातीला तीच चांगली. तिथे दोन वर्षं शिपिंग बिल आणि बिल ऑफ एंट्री (आयातीचा तसाच कागद) हाताखालून गेली की ऑपरेशन्स, मग प्रायसिंग, असा रस्ता खुला होतो. ज्यांना थेट मॅनेजमेंटकडे जायचंय त्यांनी हे पैसे कॅटच्या तयारीत घालावेत. पवईचं नीटी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झालं आणि तिथे ऑपरेशन्स व सप्लाय चेनचा एमबीए आहे.

फी भरण्याआधी डेमो लेक्चरला बसा, नोट्समधलं ई-वे बिलाचं पान उघडा आणि मुदत किती लिहिलीय ते बघा. एक्सेलचा लॅब किती तासांचा हेही विचारा. या बॅचला तो चारच तास होता, आणि रेट शीटची तुलना त्यात अर्धीच राहिली.