दांडिया बाजारातलं मुलांचं क्लिनिक, मानेच्या गाठीसाठी गेलो होतो (५ पैकी ४)

लेकीची वेणी घालताना मानेला मागच्या बाजूला गाठ हाताला लागली, वाटाण्याएवढी. सासूबाई म्हणाल्या अवधाण (जवळपास जखम झाली की येणारी गाठ) असेल, डोक्यात काही झालंय का बघ, पण नवऱ्याने रात्रभर मोबाइलवर नको नको ते वाचलं आणि सकाळी आम्ही दांडिया बाजारात या डॉक्टर मॅडमकडे गेलो.

मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं तपासणं. गाठीला नुसता हात लावून चिठ्ठी लिहून दिली असं नाही, मानेच्या दोन्ही बाजू, हसळीच्या (गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या) वर, काखा, जांघा, पोटात लिव्हर-प्लीहा वाढलेत का, घसा, कान, दात, सगळं बघितलं आणि शेवटी केस बाजूला करून डोकं, तिथे उवा आणि खाजवून झालेली जखम सापडली, म्हणजे सासूबाई बरोबर होत्या. गाठ पट्टीने मोजून फाइलमध्ये लिहिली. घरात कोणाला टीबी, जुना खोकला, मांजर पाळलंय का, तेही विचारलं.

मग शांतपणे समजावलं की लहान मुलांच्या मानेत १ सेंमीपर्यंतच्या, हलणाऱ्या मऊ गाठी खूप वेळा असतात, सर्दी-घसा झाला की फुगतात आणि बसायला ४ ते ६ आठवडेही लागतात. लाल, गरम, दुखरी झाली तर अँटिबायोटिक लागतं, पू झाला तर काढावा लागतो. पण हसळीच्या वर कितीही छोटी गाठ आली, किंवा कुठलीही गाठ २ सेंमीच्या वर गेली, कडक, चिकटलेली वाटली, वाढतच राहिली, सोबत ताप हटत नाही, वजन उतरतंय, रात्री घामाने कपडे भिजतात, तर थांबायचं नाही, मग रक्त, छातीचा एक्स-रे, सोनोग्राफी, मँटू (टीबीसाठी हातावर करतात ती टेस्ट) आणि गरज पडली तर गाठीचा तुकडा तपासायचा. आणि निदान झाल्याशिवाय स्टेरॉइडचं सिरप कोणी दिलं तरी पाजायचं नाही, कारण लिम्फोमा (गाठींचा कॅन्सर) किंवा ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) असेल तर तो त्याने झाकला जातो. हे प्रत्येक आईबापाला माहीत असायला हवं खरंच!

आम्हाला एकही टेस्ट लिहिली नाही, फक्त उवांचं औषध, जखमेला मलम, आणि रोज दाबून बघू नका असं बजावलं. दोन आठवड्यांनी परत बोलावलं, पुन्हा मोजली, कमी झाली होती. नणंदेच्या बाळाला बीसीजीच्या (टीबीच्या) लसीनंतर डाव्या काखेत गाठ आलीय तेही विचारून घेतलं, बाळ छान खेळतंय-पितंय तर बहुतेक आपोआप बसते म्हणाल्या, मऊ पडून पू दिसला तर मात्र आणून दाखवा.

एक स्टार कापला तो वेटिंगसाठी. तापाची, खोकल्याची, लस घ्यायला आलेली तान्ही, सगळी एकाच छोट्या खोलीत, हे बरं नाही, निदान लसवाल्यांची वेळ तरी वेगळी ठेवा. टोकन सकाळीच जाऊन घ्यावं लागतं, फोनवर देत नाहीत. पार्किंग तर विसराच, रिक्षाने जा. लसीकरणाचं कार्ड न्या सोबत, बघायला मागतात.