फोंड्यातला एकच डीएचसीपी सर्व्हर आणि पाच शाखा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या पतसंस्थेचं मुख्य कार्यालय फोंड्यात, शाखा डिचोली, वाळपई, पेडणे, सांगे आणि काणकोणला. फेब्रुवारीपर्यंत प्रत्येक शाखेचा राउटरच तिथल्या संगणकांना आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवरचे त्यांचे क्रमांक, द्यायचा. या आपोआप वाटपालाच डीएचसीपी म्हणतात. राउटर जळून बदलला की प्रिंटरसाठी राखून ठेवलेले पत्तेही जायचे. म्हणून सगळं वाटप फोंड्यातल्या विंडोज सर्व्हरवर आणलं आणि शाखांच्या राउटरवर फक्त रिले, म्हणजे मागणी पुढे पोचवणारा मध्यस्थ, ठेवला. मध्ये एक अख्खा पावसाळा आणि चवथ येऊन गेली, तेव्हा आता खात्रीने लिहितो.

सोय मोठी आहे. कोणता पत्ता कुणाकडे, हे फोंड्यात बसून दिसतं. नवा प्रिंटर जोडायला वाळपईला जावं लागत नाही.

पहिला त्रास सांग्यात झाला. संगणक पत्ता मागतो तो ब्रॉडकास्टने, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांना एकदम हाक मारून, आणि राउटर ब्रॉडकास्ट पुढे जाऊ देत नाही. रिले ती मागणी उचलतो, त्यात स्वतःचा पत्ता लिहितो आणि सर्व्हरकडे पाठवतो. त्या पत्त्यावरून सर्व्हर शाखा ओळखतो आणि उत्तरही त्याच पत्त्यावर धाडतो. सर्व्हरवर वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं सॉफ्टवेअर, लावलं तर डिस्कव्हर (संगणकाची हाक), ऑफर (सर्व्हरचा देकार), परत डिस्कव्हर, परत ऑफर, आणि रिक्वेस्ट (संगणकाचा होकार) कुठेच नाही. म्हणजे मागणी पोचत होती, उत्तर वाटेत हरवत होतं. फोंड्याच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्यात, सांग्याच्या नेटवर्ककडे परतीचा रूटच टाकला नव्हता. तो टाकला आणि पाच मिनिटांत शाखा सुरू झाली.

काणकोणने मात्र खरी परीक्षा घेतली. जुलैत लाइन दोन दिवस बंद होती. तेवढ्यात शाखेतून फोन, ‘सर, प्रिंटर ना.’ लाइन नसली तरी शाखेतल्या शाखेत छपाई चालायला हवी, आणि लीजची, म्हणजे सर्व्हरने ठरावीक काळासाठी दिलेल्या पत्त्याची, मुदत तर ८ दिवसांची. प्रिंटर आणि कॅमेऱ्याचा रेकॉर्डर १६९.२५४ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर गेले होते, म्हणजे त्यांना सर्व्हर मिळालाच नव्हता. काउंटरवरचे संगणक मात्र ठणठणीत. हे कोडं सुटायला मला आठवडा लागला.

लीजची अर्धी मुदत, म्हणजे ४ दिवस झाले की यंत्र नूतनीकरण मागतं, पण ते रिलेमार्फत नाही, थेट सर्व्हरकडे, स्वतःच्या पत्त्यावरून. आमच्या फायरवॉलमध्ये परवानगी होती फक्त राउटरच्या पत्त्याला, त्यामुळे ती मागणी दर वेळी अडायची. मग ७ व्या दिवशी, साडेसत्याऐंशी टक्के मुदत सरल्यावर, यंत्र पुन्हा ब्रॉडकास्ट करतं, ती मागणी रिलेतून पोचते आणि लीज वाचते. म्हणजे ८ दिवसांच्या लीजमध्ये आमच्या हाती उरत होता एकच दिवस, आणि नेमकी तेव्हाच लाइन गेली. काउंटरचे संगणक रोज संध्याकाळी बंद होतात. सकाळी सुरू होताना ते ब्रॉडकास्टनेच विचारतात, म्हणून त्यांची लीज ताजी राहायची. जे कधीच बंद होत नाही, तेच पडत होतं. शाखेच्या सगळ्या नेटवर्कला सर्व्हरच्या यूडीपी ६७ पोर्टची, म्हणजे डीएचसीपीच्या मागण्या ऐकणाऱ्या दाराची, परवानगी दिली आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्या चार शाखांचे नियमही तपासले. दोन ठिकाणी हीच चूक होती. रिले लावणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी तपासावंच.

बाकीचं किरकोळ. वाळपईत वीज येऊन-जाऊन संगणक अडायचे, कारण स्विचचा पोर्ट स्पॅनिंग ट्रीमुळे, म्हणजे जोडण्यांचं वर्तुळ होऊ न देणाऱ्या तपासणीमुळे, ३० सेकंद गप्प राहायचा आणि तोवर संगणक थकून जायचा. त्या पोर्टांवर ही वाट पाहणं टाळणारं पोर्टफास्ट लावलं. पेडण्यात कुणीतरी घरचा वायफाय राउटर आणून भिंतीच्या सॉकेटला जोडला आणि तोच पत्ते वाटू लागला. संगणकावर ‘आयपीकॉन्फिग ऑल’ ही आज्ञा देऊन डीएचसीपी सर्व्हरची ओळ वाचली की अशी चोरी लगेच कळते. आता स्विचवर अशा उपऱ्या सर्व्हरला अडवणारं डीएचसीपी स्नूपिंग आहे.

मुदत कमी करा असं मला दोघांनी सांगितलं. आमच्या पावसात ते मला पटत नाही. लाइन तुटली की मोठी लीजच शाखेला सांभाळते. चवथीच्या सुट्टीनंतर एकाही शाखेतून फोन आला नाही. उणीव एकच, फोंड्याचा सर्व्हर एकटा आहे. दुसरा फेलओव्हरला, म्हणजे पहिला पडला तर काम सांभाळायला, जोडण्यासाठी संचालक मंडळाकडे अर्ज दिला आहे, आणि तो मंजूर होईपर्यंत नवी शाखा या व्यवस्थेत घ्यायची नाही असं ठरवलंय.