बार्नाबसला कुठे भेटावं: 1966 च्या मालिकेत की 1991 च्या?

'डार्क शॅडोज', म्हणजे बार्नाबस कॉलिन्स या रक्तपिपासू पिशाच्चाची (व्हॅम्पायरची) अमेरिकन मालिका, बघायची असं एकदा ठरलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: कोणती? दोन्ही मालिका डॅन कर्टिसच्याच. एबीसी वाहिनीवरची मूळ मालिका 1966 ते 1971 अशी रोज चालली आणि तिचे 1225 भाग झाले. एनबीसीवरची दुसरी 1991 च्या जानेवारीत सुरू झाली आणि बारा भागांत मार्चमध्ये संपली. कॉलिन्स घराणं, मेन राज्यातला तो समुद्रकाठचा वाडा, अँजेलिक या चेटकिणीचा शाप, हे सगळं दोन्हींत आहे. रॉबर्ट कोबर्टचं संगीतसुद्धा.

दिसायला नवी मालिका उजवी आहे, याबद्दल वाद घालणार नाही. खऱ्या वाड्यात चित्रीकरण झालंय, कपडेपट भरजरी आहे आणि घराची मालकीण एलिझाबेथच्या भूमिकेत जीन सिमन्स आहे. बेन क्रॉसचा बार्नाबस पहिल्या भेटीतच धडकी भरवतो. वेळ कमी असेल आणि नुसती गोष्ट हवी असेल, तर दोन सुट्ट्यांत बघून होईल.

जुनीत मात्र बरंच काही सोसावं लागतं. टेप संपादित करणं तेव्हा महाग होतं, म्हणून भाग बहुधा एका दमात, नाटकासारखा चित्रित व्हायचा आणि चुका तशाच राहायच्या. मध्येच माइक डोकावतो, थडगी हलतात. बार्नाबस झालेला जोनाथन फ्रिड वाक्य विसरतो आणि त्याची नजर भिरभिरायला लागते. पण मला त्याचा बार्नाबस याच अडखळण्यामुळे खरा वाटतो. पावणेदोनशे वर्षं शवपेटीत कोंडलेला माणूस आजच्या दिवाणखान्यात उभा राहून इंग्लंडहून आलेला नातेवाईक असल्याची बतावणी करतोय. तो सफाईने कसा बोलेल?

माझा कौल ठरला तो ज्युलिया हॉफमनमुळे. या डॉक्टरीणबाईंना त्याचं गुपित कळतं, त्या त्याला बरं करायला घेतात आणि त्याच्यात गुंततात. 1991 मध्ये हे सगळं थोड्याच भागांत उरकतं. त्याचा जीव घरातल्या मुलाला शिकवायला आलेल्या व्हिक्टोरियावर आहे हे दिसल्यावर ज्युलिया मत्सरापोटी औषधात फेरफार करते आणि तो म्हातारा होतो. बार्बरा स्टीलने काम चोख केलंय, पण मला त्या प्रसंगाचा मनापासून राग आला. प्रेम रुजायलाच वेळ दिलेला नाही, आणि सूड मात्र तयार!

ग्रेसन हॉलची ज्युलिया 1967 च्या उन्हाळ्यात येते आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच्यासोबत राहते. ती सुरुवातीला त्याला घाबरते, मग त्याच्यासाठी खोटं बोलते, डॉक्टर वुडर्डच्या खुनात भागीदारही होते. पुढे त्याच्या मदतीसाठी ती 1897 सालात जाते. तो बहुतेक वेळ दुसऱ्याच कुणासाठी झुरत असतो आणि तिला ते माहीत असतं. हळूहळू दोघं एकमेकांचे खरे सोबती होतात. हे काही एका प्रसंगात दाखवता येत नाही. त्यासाठी रोज थोडं थोडं बघत राहावं लागतं, आणि रोजच्या मालिकेची ताकद त्यातच आहे. शाळा सुटल्यावर धावत घरी येऊन ही मालिका बघणारी अमेरिकेतली मुलं पुढे म्हातारपणीही तिला धरून राहिली, ती मला वाटतं अशा सोबतीसाठीच. दात आणि वटवाघळं तर कुठेही मिळतात.

शिवाय 1991 ची मालिका नको तिथे थांबते. व्हिक्टोरिया भूतकाळातून परतते, बार्नाबस कोण आहे हे तिला कळलेलं असतं, आणि मालिका बंद. आखाती युद्धाच्या बातम्यांमुळे प्रक्षेपणाचे दिवस आणि वेळा विस्कटल्या होत्या, त्याचाही तिला फटका बसला.

अर्थात आवड ज्याची त्याची. संथ मालिकेचा कंटाळा येत असेल तर 1991 ची बघायला हरकत नाही. पण संध्याकाळचा अर्धा तास काढता येत असेल, तर जुनी भाग 210 पासून लावा. विली लूमिस बार्नाबसची शवपेटी उघडतो तो हा भाग. सुरुवातीचा काही काळ ती कृष्णधवल आहे, रंग 1967 च्या ऑगस्टमध्ये आले. आधीचे 209 भाग नंतर बघितले तरी चालतील. आणि निदान ज्युलिया येईपर्यंत तरी सोडू नका.