खजूरी बाजारातला हेरसंच: शाई खरी, कागद कच्चा

इंदूरच्या राजवाड्याजवळ, खजूरी बाजारातल्या पुस्तकांच्या दुकानांत या सुट्टीत मुलांसाठीच्या हेरसंचाचा खोका दिसू लागला आहे. किंमत ६५० रुपये, पुस्तिका मराठीत आणि विषय अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातलं ‘कल्पर’ हेरमंडळ. आत २०-२० मिलीच्या ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्या, एक कुंचला, २५ कागद, सांकेतिक शब्दांची वही, नकाशा आणि कपडे वाळत घालायच्या दोरीचा पुठ्ठ्याचा देखावा. संच घेण्याजोगा आहे. पण आहे तसा वापरायला बसलं तर पहिल्याच पत्राला मुलांचा हिरमोड होईल.

यातली सर्वांत मोलाची गोष्ट शाई. बहुतेक असे संच लिंबाच्या रसावर भागवतात. तो कागद दिव्यावर धरला की अक्षरं उमटतात, आणि पत्र पकडणारा शिपाईही आधी तेच करून बघतो. अमेरिकन सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनच्या हेरांना जेम्स जे यांनी पुरवलेल्या शाईवर आंचेचा परिणामच होत नसे. तिला उठवायला दुसरं द्रावण लागे, आणि ते फक्त पत्र घेणाऱ्याकडे असे. अभ्यासकांच्या मते ती टॅनिक आम्ल आणि हिराकस (लोहाचा हिरवा क्षार) यांची जोडी होती. संचात तीच जोडी दिली आहे, ‘अ’मध्ये टॅनिक आम्ल आणि ‘ब’मध्ये हिराकस, हे फार चांगलं केलं.

अडचण ‘ब’ बाटलीची. हिराकसाचं पाणी हवेनं गंजतं. ताजं असताना फिकट हिरवं, मग पिवळं, मग तळाशी तपकिरी गाळ. असं पाणी फिरवलं की अक्षरांसोबत अख्खं पान गंजक्या रंगाचं होतं. मे महिन्याच्या उन्हात दुकानात ठेवलेल्या बाटल्यांची हीच गत होते. उपाय सोपा आहे. सियागंजात पंसाऱ्याकडे हिराकस मिळतो. पिवळी पूड धरलेले खडे टाकून हिरवे तेवढे निवडावेत. उकळून गार केलेल्या १०० मिली पाण्यात २ ग्रॅम हिराकस आणि पांढऱ्या व्हिनेगरचे चार-पाच थेंब घालावेत. आठवड्याभरापुरतंच करावं, बाटली काठोकाठ भरावी. हिराकस पोटात जाता कामा नये आणि कपड्यावरचा डाग निघत नाही, म्हणून हे काम मोठ्यांनी करावं.

‘अ’ संपली तर मायफळ आणावं. पंसारी त्याला माजूफल म्हणतात. ५ ग्रॅम भरड १०० मिली पाण्यात रात्रभर भिजवून दोनदा फडक्यातून गाळावी. वाळल्यावर कागदावर पिवळसर ओरखडा दिसला तर तेवढंच पाणी आणखी घालावं. तीन-चार दिवसांत बुरशी धरते.

कुंचला एकच दिला आहे, ही दुसरी चूक. ‘अ’चा कुंचला ‘ब’मध्ये बुडाला की बाटलीच काळी पडते, म्हणून दुसरा घ्यावाच. लिहायला तर कुंचला नकोच. बोथट केलेली काडी बरी. टोकदार निब कागदात रुतते, आणि कोरा कागद तिरक्या उजेडात धरला की ओरखडे दिसतात. ‘ब’ एकदाच, हलक्या हातानं फिरवावं. अक्षरं लगेच काळी होत नाहीत, हवा लागून काही मिनिटांत गडद होतात. तोवर धीर सुटून पुन्हा कुंचला मारला की मजकूर पसरतो.

कागद झेरॉक्सचा आहे, आणि संचाची खरी कमजोरी इथे आहे. या कागदात खडूची भुकटी असते. ती हिराकसातलं आम्ल मारते, मग लोह गंजून पार्श्वभूमीच रंगते. खडू न घातलेला चित्रकलेचा जाड कागद वापरला की फरक कळतो. ही तक्रार जुनीच आहे. कागद चांगला नसेल तर शाई नीट वाचता येत नाही, म्हणून पंचांग किंवा स्वस्त पुस्तकाची कोरी पानं कागद पाहूनच निवडा, असं वॉशिंग्टननं कळवलं होतं. कोरा ताव पाठवला की संशय येतो, तेव्हा घरगुती पत्र लिहून ओळींच्या मधे मजकूर भरा, हीसुद्धा त्याचीच सूचना. पुस्तिकेत यातलं काहीच नाही.

आता वही. २ जुलै १७७९ रोजी न्यूयॉर्कच्या उत्तरेला पाउंड रिज गावावर इंग्रजांचा छापा पडला. हेरमंडळाचा सूत्रधार बेंजामिन टॉलमज याचा घोडा आणि त्यावरची कागदपत्रं शत्रूच्या हाती लागली. त्यानंतर त्यानं ७६३ नोंदींची सांकेतिक वही केली. त्यात ७११ म्हणजे वॉशिंग्टन, ७२७ म्हणजे न्यूयॉर्क, ७२३ म्हणजे ‘धाकटा कल्पर’ या टोपणनावाचा हेर रॉबर्ट टाऊनसेंड. संचातल्या वहीत मोजून १५० मराठी शब्द आहेत आणि तेही मूळ रूपात. ‘घोडा’ला आकडा आहे, ‘घोड्यांनी’, ‘घोड्यावरून’ कसं लिहायचं? टॉलमजनं शब्दाचा शेवट बदलायला आकड्यावर एक छोटं वळण सुचवलं होतं. मराठीत एकानं भागणार नाही. ला, ने, चा, त, हून यांना वेगवेगळे आकडे द्यावेत.

वहीत नसलेल्या शब्दांसाठी अक्षर बदलायचा तक्ता आहे. त्यात व्यंजनं बदलली, पण काना, मात्रा, वेलांट्या तशाच ठेवल्या. अशा पत्रातला ‘आहे’ आणि ‘नाही’ मराठी वाचणारं पोरगंही दहा मिनिटांत ओळखेल. व्यंजन आणि स्वर सुटे करून (‘का’ म्हणजे क् आणि आ) दोन्ही बदलावेत, जोडाक्षरं फोडावीत आणि शब्दांमधली जागा काढून टाकावी.

पुस्तिकेतल्या इतिहासात तीन दुरुस्त्या हव्यात. मंडळ १७७८ मध्ये उभं राहिलं, १७७६ मध्ये नव्हे. १७७६ च्या सप्टेंबरात अमेरिकन अधिकारी नेथन हेल हेरगिरीला एकटा गेला, पकडला गेला आणि फासावर चढला. साखळीची गरज तिथून पटते. दोरीवरचा काळा परकर आणि हातरुमाल ही सेटॉकेट गावच्या ॲना स्ट्राँगची, होडी आल्याची खूण घराण्यात चालत आलेली कथा आहे, पुरावा नव्हे. आणि ३५५ हे कुणा हेर स्त्रीचं नाव नाही. टॉलमजच्या वहीत त्याचा अर्थ नुसता ‘बाई’ असा आहे.

नकाशा सुबक आहे, पण अंतरं नाहीत. न्यूयॉर्क ते लाँग आयलंड बेटावरचं सेटॉकेट सुमारे ५५ मैल, म्हणजे जवळपास इंदूर ते महेश्वर. तेवढं अंतर मंडळातला ऑस्टिन रो पत्रं घोड्यावरून न्यायचा, पुढे केलेब ब्रूस्टर ती घेऊन होडीनं खाडी ओलांडायचा. बातमी शिळी का व्हायची, हे अंतर कळल्यावर मुलांना आपोआप समजतं.

विकत घेताना खोका दुकानातच उघडून ‘ब’ बाटली उजेडात धरावी. पाणी हिरवट नसेल, तळाशी गाळ असेल, तर दुसरा खोका मागावा.