कोल्हापुरातला बौद्ध न्याय आणि वादाचा वर्ग: कसा चालतो, कुठे कमी पडतो

दिङ्नाग आणि धर्मकीर्ती हे बौद्ध तर्कशास्त्री पुस्तकातून वाचता येतात, पण त्यांचं तर्कशास्त्र अंगात मुरतं ते समोरचा माणूस हेतू, म्हणजे विधानामागचं कारण, मागायला लागल्यावरच. राजारामपुरीत शनिवार-रविवारी संध्याकाळी भरणाऱ्या या वर्गाने ही गोष्ट नीट ओळखली आहे. दोन तासांतली पहिली चाळीस मिनिटं ग्रंथाला आणि उरलेला सगळा वेळ जोड्या लावून वादाला. नुसतं व्याख्यान ऐकून घरी गेले, असं इथे एकाही दिवशी होत नाही.

ग्रंथ म्हणून धर्मकीर्तीचा न्यायबिंदू लावला आहे, आणि निवड योग्य आहे. प्रत्यक्ष, स्वार्थानुमान (स्वतःला कळण्यासाठीचं अनुमान), परार्थानुमान (दुसऱ्याला पटवण्यासाठीचं) असे तीनच परिच्छेद आणि सूत्रं अगदी आटोपशीर. प्रमाणं, म्हणजे ज्ञानाची साधनं, दोनच: प्रत्यक्ष आणि अनुमान. नैयायिकांची (न्याय दर्शन मानणाऱ्यांची) चार प्रमाणं आधी वाचून आलेल्यांना पहिले दोन तास अडखळायला होतं, पुढे सवय होते.

हेतूची तीन रूपं, म्हणजे तो खरा ठरायच्या तीन अटी, शिकवायची हातोटी उत्तम आहे. 'पन्हाळ्यावर आग आहे, कारण तिथे धूर आहे' एवढं एकच अनुमान घेतात आणि तीन प्रश्न लावून धरतात. धूर खरोखर पन्हाळ्यावर आहे का? आग असलेल्या दुसऱ्या जागी, समजा गुऱ्हाळात, तो सापडतो का? आणि आग नसलेल्या जागी, समजा रंकाळ्याच्या पाण्यात, तो कधीच नसतो ना? पावसाळ्यात तर पहिल्याच प्रश्नावर सगळे थांबतात, कारण गडावर दिसतंय ते धुकं की धूर हेच ठरत नाही. असा हेतू संदिग्धासिद्ध, म्हणजे तो आहे की नाही याचाच संशय. शंकरस्वामींच्या न्यायप्रवेश या ग्रंथातही या दोषाचं उदाहरण वाफेच्या संशयाचंच आहे, त्यामुळे पन्हाळ्याचं धुकं ओढून आणलेलं वाटत नाही. मग अनुमान उलटं करतात: 'गुऱ्हाळात धूर आहे, कारण आग आहे.' चुलवाणात रसरसलेला निखारा असतो आणि धुराचा पत्ता नसतो. हेतू अनैकान्तिक, म्हणजे निर्णय न देणारा, झाला. आग आणि धूर यांचा संबंध एकाच दिशेने का चालतो, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी समजावून सांगतं.

हेतुचक्राच्या बाबतीत मात्र वर्ग घाई करतो. दिङ्नागाचं हे चक्र म्हणजे नऊ घरांचा तक्ता: सपक्षात (सिद्ध करायची गोष्ट जिथे असते अशा इतर जागी) हेतू सगळीकडे, कुठेच नाही किंवा काही ठिकाणी, विपक्षातही (ती जिथे नसते तिथे) तसेच तीन प्रकार. नवांपैकी दुसरं आणि आठवं घर सद्धेतूचं (खऱ्या हेतूचं), चौथं आणि सहावं विरुद्ध (उलटंच सिद्ध करणारं), उरलेली पाच अनैकान्तिक. इथे हा तक्ता भरलेलाच हातात देतात, आणि मग लोक घरांचे क्रमांक पाठ करतात. तो कोरा द्यायला हवा. पाचव्या घरावर सगळ्यांचा घोळ होतो. 'शब्द (म्हणजे ध्वनी) नित्य आहे, कारण तो कानाने ऐकू येतो.' नित्य मानलेल्या आकाशात हा हेतू नाही, अनित्य घटातही नाही. तो फक्त शब्दात आहे. शब्द हा पक्ष आहे, वाद त्याच्याबद्दलच चालू आहे, म्हणून त्याला सपक्षात धरता येत नाही. नवखा माणूस नकळत तेच करतो आणि हा हेतू त्याला निर्दोष वाटतो. तक्ता स्वतः भरला असता तर चूक तिथेच पकडली गेली असती. प्रवेश घेणाऱ्यांनी कोरा तक्ता मागून घ्यावा; मागितला तर देतात.

वर्गाचं खरं बळ वादात आहे. रीत तिबेटी मठांची, ड्यूड्रा नावाच्या प्राथमिक पाठांची. ती घडवण्याचं श्रेय तिबेटी आचार्य छापा छोकी सेंगे (११०९–११६९) यांना दिलं जातं. प्रतिवादी बसलेला, वादी उभा. प्रतिवादीला मोजकी उत्तरं दिलेली आहेत आणि वर्गाने ती मराठीत आणली आहेत: 'मान्य', 'का?', 'हेतू असिद्ध' (दिलेलं कारण तिथे नाहीच), 'व्याप्ती नाही' (कारण असलं तरी निष्कर्ष निघतोच असं नाही). 'तसं पाहिलं तर', 'एका अर्थी' वगैरे चालत नाही. हा नियम शिक्षक कसोशीने पाळतात, आणि पाळलाच पाहिजे, कारण पळवाट ठेवली की दोष नक्की कुठे आहे ते सापडत नाही.

पहिला सराव रंगांचा. 'जो जो रंग, तो तो लाल' ही व्याप्ती प्रतिवादी मुद्दाम मान्य करतो. वादी म्हणतो, 'पांढऱ्या शंखाचा रंग घ्या. तो लाल ठरेल, कारण तो रंग आहे.' व्याप्ती आधीच मान्य केली असल्यामुळे 'व्याप्ती नाही' म्हणायची सोय उरत नाही. 'हेतू असिद्ध' म्हटलं तर वादी सांगतो, 'तो रंग आहे, कारण तो पांढरा आहे.' 'मान्य' म्हटलं तर, 'तो लाल नाही, कारण तो पांढरा आहे.' दोन्ही वाटांनी प्रतिवादी स्वतःच्याच कबुलीशी येऊन भिडतो. सुरुवातीला हमखास होणारी चूक म्हणजे 'पांढऱ्या शंखाचा रंग' याऐवजी 'पांढरा शंख' म्हणणं. शंख हा रंग नाही, ती वस्तू आहे. प्रतिवादी शांतपणे 'हेतू असिद्ध' म्हणतो आणि वादीची सगळी मांडणी तिथेच कोसळते.

त्यानंतर दोन धर्मांमधले संबंध. वड आणि झाड यांच्यात तीन कोटी (शक्यता), कोल्हापूरकर आणि पैलवान यांच्यात चार, नित्य आणि अनित्य यांच्यात विरोध. प्रत्येक कोटीला एकच ठोस उदाहरण द्यायचं असतं. कोल्हापूरकर नाही पण पैलवान आहे, असा एक माणूस दाखवायचा. 'बाहेरगावचे पैलवान' म्हणून भागत नाही.

टाळीकडे बाहेरचे लोक नाटक म्हणून बघतात, पण तिचं काम असतं. उजवा हात उंचावून डाव्यावर टाळी, सोबत डावा पाय आपटायचा, आणि हे सगळं वाक्याच्या शेवटी. हेतू पुरा बोलून व्हायच्या आत टाळी वाजली तर प्रतिवादी अर्ध्याच वाक्याला उत्तर देतो आणि पुढचा वाद भलतीकडे जातो. लय बसेपर्यंत टाळीशिवाय सराव करणं बरं.

आपल्याकडची एक अडचण इथे ठळकपणे दिसते. कॉलेजातला मुलगा वादी आणि साठीतले काका प्रतिवादी असले की मुलगा आवाज खाली आणतो, 'काका, बहुतेक असं असेल' म्हणतो आणि हेतू मागायचा राहून जातो. शिक्षकांनी उपाय सोपा काढला आहे: वादात सगळे 'वादी' आणि 'प्रतिवादी', नाती फेरीनंतर. चहाच्या वेळी काका पुन्हा काका होतात.

गुण द्यायची पद्धतही विचारपूर्वक ठरवलेली आहे. न्यायसूत्रांतली बावीस निग्रहस्थानं (वाद हरल्याची कारणं) बाजूला ठेवून धर्मकीर्तीने वादन्याय या ग्रंथात दोनच ठेवली: वादीने साध्य (जे सिद्ध करायचं ते) सिद्ध करणारं अंग न सांगणं किंवा अंग नसलेलं काही सांगणं, आणि प्रतिवादीने खरा दोष न दाखवणं किंवा नसलेला दोष दाखवणं. वर्गात हार याच दोन कारणांनी धरतात. आवाज चढला, टाळी जोरात वाजली, संस्कृत वचन फेकलं, यातल्या कशालाही गुण नाहीत.

दुसरी उणीव अनुपलब्धीची, म्हणजे न दिसण्यावरून नसणं ठरवणाऱ्या हेतूची. स्वभाव (वड आहे, म्हणून झाड) आणि कार्य (धूर आहे, म्हणून आग) हे दोन हेतू नीट होतात, तिसरा एका तासात उरकतात. 'इथे घट नाही, कारण तो दिसत नाही' हे अनुमान टिकतं ते घट असता तर दिसलाच असता, एवढ्या अटीवर. उजेड आहे, डोळे ठीक आहेत, आड काही नाही. पिशाचाच्या बाबतीत ही अट लागत नाही. ते दिसत नाही यावरून ते नाही असं सिद्ध होत नाही, फक्त संशय उरतो. ही मर्यादा सुटली की विद्यार्थी न दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला 'नाही' म्हणत सुटतात, आणि धर्मकीर्तीने हे कधीच म्हटलेलं नाही. या भागाला किमान तीन तास द्यायला हवेत.

संस्कृत येत नसलं तरी चालतं, सूत्रांचा मराठी अर्थ छापील देतात. मात्र जोडीदार हवाच. आठवड्यात मधे एकदा तरी अर्धा तास समोरासमोर सराव झाला नाही, तर शनिवारी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. फोनवर सराव जमत नाही, कारण 'का?' ऐकून झालेली क्षणभराची चलबिचल त्यात दिसत नाही. ज्यांना मूळ रीत बघायची असेल त्यांनी हुबळीच्या पुढे मुंडगोडला जावं. तिथे गांदेन आणि द्रेपुंग या तिबेटी मठांच्या अंगणात हा वाद रोजचा आहे. भाषा कळली नाही तरी वादी कधी थांबतो आणि टाळी कधी वाजते, एवढं बघून आलं तरी फरक पडतो.

हॉलचं छप्पर पत्र्याचं आहे. जुलै-ऑगस्टच्या पावसात टाळी ऐकू येते, हेतू येत नाही. दिवाळीनंतरची तुकडी घ्या, आणि खिडकीकडच्या रस्त्याच्या बाजूऐवजी आतल्या भिंतीशी जोडी लावा.