दोन माणसं, आठ तास: मराठवाड्यातलं पोस्ट पगारी तासांच्या तागडीत

गावात पोस्ट कसं चालतं असं विचारलं की उत्तर माणसांवर येतं. "दोघं जण आहेत, ठीक चाललंय." नाहीतर, "एकटाच आहे, काय काय करणार?" पण पोस्टाच्या बाबतीत डोकी मोजली की हिशेब हमखास चुकतो. शाखा डाकघरात पोस्टमास्तर म्हणजे बीपीएम चार तासांचा, टपाल वाटणारा एबीपीएम चार तासांचा. दोघांचे मिळून खातं रोज आठ तासांचे पैसे देतं, म्हणजे तालुक्याच्या पोस्टात खिडकीवर बसणाऱ्या एका असिस्टंटच्या दिवसाएवढे तास. कागदावर दोन पदं, कामाला एक माणूस. म्हणून मराठवाड्यातल्या पोस्टाच्या सेवेचं हे परीक्षण पदांवर नाही, पगारी तासांवर केलं आहे.

गावातला बीपीएम खात्याचा नियमित नोकर नसतो, तो ग्रामीण डाक सेवक असतो. त्याला मिळतो तो वेळेशी बांधलेला भत्ता, ज्याला खात्यात टीआरसीए म्हणतात. ग्रामीण डाक सेवकांसाठी नेमलेल्या कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींनंतर १ जुलै २०१८ पासून याच्या दोनच पायऱ्या उरल्या: चार तास आणि पाच तास. बीपीएमला चार तासांचे १२,००० आणि पाच तासांचे १४,५००. एबीपीएम आणि डाक सेवकाला १०,००० आणि १२,०००. ही सुरुवातीची मूळ रक्कम, महागाई भत्ता वेगळा. महिन्याचे २६ दिवस धरून भागाकार केला तर गंमत दिसते. बीपीएमचे पहिले चार तास ताशी साधारण ११५ रुपयांना पडतात आणि पाचवा तास ९६ रुपयांना. काम वाढलेल्या गावातला वाढीव तास खात्याला स्वस्तात मिळतो. पाचाच्या वर पायरीच नाही. गाव दुप्पट झालं, शेजारचे दोन तांडे त्याच पोस्टाला जोडले, तरी एका सेवकाचे तास पाचावर थांबतात. आठ तासांची मागणी संघटना वर्षानुवर्षं करत आहेत ती याचमुळे.

आता हे चार तास जातात कुठे ते बघू. सकाळी बॅग येते. सील बघायचं, बॅग फोडायची, आतल्या बीओ स्लिपशी, म्हणजे बॅगेत काय पाठवलंय त्याच्या यादीशी, टपाल आणि रोकड ताडून घ्यायची, मशीन लॉगिन करायचं, स्पीड पोस्टाची पाकिटं नोंदवून एबीपीएमच्या हाती द्यायची. सगळं सुरळीत असेल तर अर्धा तास. शेवटी डेली अकाउंट लिहायचं, शिल्लक जुळवायची, बॅग बांधायची, त्याला आणखी अर्धा. उरले तीन तास. अंगठा लावून पैसे काढायला एका माणसाला पाच मिनिटं धरा: आधार नंबर, बँकेचं नाव, रक्कम, बोट, नोटा मोजणं, पावती. तीन तासांत छत्तीस माणसं, तीही एकापाठोपाठ एक, एकही बोट न अडता.

बोटं मात्र अडतातच. खुरपणी, कापूस वेचणी, कोयता यांनी झिजलेल्या अंगठ्याला मशीन दाद देत नाही. इथे ग्राहकाच्या हातात थोडं आहे. उजवा अंगठा दोनदा नाकारला की तिसऱ्यांदा तोच दाबू नये, बाकी नऊ बोटं आहेत. हात धुऊन कोरडा करून यावं आणि काच पुसायला सांगावी, धुळीचा थर हेही नकाराचं कारण असतं. 'लाडकी बहीण'चा हप्ता पडला, त्यात आठवडी बाजाराचा दिवस आला, की छत्तीसचा हिशेब बारा वाजायच्या आत मोडतो. त्या दिवशी रांगेत उभं राहण्यापेक्षा दोन दिवस थांबलेलं बरं. पैसे खात्यातून कुठे पळून जात नाहीत.

एवढं असूनही शाखा डाकघराला आम्ही चांगले गुण देऊ. तीन हजार वस्तीचं गाव आणि रोजचे आठ पगारी तास म्हणजे हजार लोकांमागे पावणेतीन तास होतात. तालुक्याच्या गावी हा आकडा काढून बघा, चाळीस हजार वस्ती आणि तीन माणसं असतील तर हजारी जेमतेम ३६ मिनिटं पडतात.

आणि खरी गोची तालुक्यालाच आहे. तालुक्याचं पोस्ट म्हणजे उप डाकघर, ते नुसतं खिडक्यांचं दुकान नसतं, त्याच्या पोटात दहा-पंधरा शाखा डाकघरांचा हिशेब असतो. तीन माणसांच्या कचेरीचा दिवस मांडू. पगारी तास २४. जेवणाच्या सुट्टीचा अर्धा-अर्धा तास गेला, दीड. शाखांच्या बॅगा, त्यांचे डेली अकाउंट, त्यांना पाठवायची रोकड, तीन. सकाळी तिजोरी उघडणं आणि बँकेतून रोकड आणणं-भरणं, दीड. संध्याकाळी व्हाउचर आणि दिवस बंद करणं, दोन. उरले सोळा तास, त्यात खिडक्या चालतात. आता यातला एक जण डेप्युटेशनवर दुसरीकडे गेला. पगारी तास झाले १६. लोकांना वाटतं, एक तृतीयांश माणूसबळ गेलं, रांग तेवढीच वाढेल. पण शाखांच्या बॅगा कमी झाल्या नाहीत, तिजोरी लहान झाली नाही, व्हाउचरही तेवढेच. जेवणाचा एक तास आणि ते साडेसहा तास वजा केले की खिडकीला उरतात साडेआठ. माणसं तेहेतीस टक्क्यांनी घटली, खिडकी जवळपास निम्मी झाली. हे आकडे कामाच्या अंदाजावर बसवलेले आहेत, प्रत्येक कचेरीत थोडे इकडेतिकडे होतील. पण बांधलेलं काम जागेवर राहतं आणि तूट सगळी खिडकीवर निघते, यात फरक पडत नाही. 'एकच काउंटर चालू आहे, बाकीचे आत बसलेत' अशी जी ओरड असते, तिच्यामागे बहुतेक वेळा आळस नसून हा वजाबाकीचा हिशेब असतो. सिंगल हॅण्डेड कचेरीत तर सब पोस्टमास्तरच खिडकी, तोच खजिनदार, तोच हिशेबनीस. तो बँकेत गेला की कचेरीला कुलूप दिसणारच.

त्यात रजा. नियमित कर्मचाऱ्याला वर्षाला ३० दिवस अर्जित आणि ८ दिवस किरकोळ रजा असते. रविवार आणि सतरा-एक सुट्ट्या वगळून कामाचे साधारण २९६ दिवस उरतात. सगळी रजा घेतली तर हजेरी २५८ दिवसांची. पगारी तासांपैकी ढोबळमानाने तेरा टक्के तास पगार चालू असतानाच गैरहजर असतात. मोठ्या कचेरीत हे रजा-राखीव माणसावर निभतं. तीन माणसांच्या कचेरीत दिवाळीनंतर एक जण पंधरा दिवस गेला की वर मांडलेला साडेआठ तासांचा दिवस पंधरा वेळा बघायला मिळतो. डाक सेवकाच्या रजेत बदली माणूस बसतो, किंवा एबीपीएमच दोन्ही कामं ओढतो. मग खिडकी चालते, पण टपाल पिशवीतच राहतं. पद रिकामं पडलं तर आणखी पंचाईत. भरती दहावीच्या गुणांवर होते, त्यामुळे लांबच्या जिल्ह्यातला हुशार मुलगा येतो आणि दुसरी नोकरी लागताच जातो. मग शेजारच्या गावचा सेवक दोन्हीकडे बघतो. पाटी दोन्ही गावांत लटकते आणि तास एकाचेच.

टपाल वाटपात तास कुठे सांडतात याचं एक मराठवाडी उदाहरण फार कमी लोकांना ठाऊक आहे. आपल्याकडे पिनकोड ४३१ नेही सुरू होतात आणि ४१३ नेही. अंबाजोगाई ४३१५१७, उदगीर ४१३५१७. परळी ४३१५१५, अहमदपूर ४१३५१५. घाईत दोन आकडे उलटे पडले की पाकीट बालाघाटाच्या भलत्याच अंगाला जाऊन येतं. ते परत वळवायला तिथल्या माणसाचा वेळ जातो, जो कुणाच्याच हिशेबात नसतो. पत्ता लिहिताना गावापुढे तालुका आणि जिल्हा शब्दांत लिहा, एवढी एक सवय पुरे. दुसरी गळती ऊसतोडीची. दसरा-दिवाळीनंतर बीडकडची कुटुंबं कारखान्यावर जातात, घराला कुलूप असतं. नोंदणीचं पाकीट पोस्टात सात दिवस थांबतं आणि धाडणाऱ्याकडे परत जातं. एबीपीएम उन्हातान्हात दोनदा चक्कर मारून येतो ती फुकट. जाण्याआधी घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या नावाने लेखी अधिकार देऊन ठेवावा आणि तो पोस्टमास्तरला दाखवावा.

तास मोजण्याच्या या पद्धतीतही खोट आहे, ती सांगायला हवी. शाखा डाकघराला जागा सेवकानेच द्यायची असते, म्हणून ते बहुधा त्याच्या घराच्या ओसरीवर किंवा पुढच्या खोलीत असतं. तास संपले तरी दार वाजतं. "मास्तर, तेवढं पासबुक भरून द्या." हे तास कुठल्याही तक्त्यात येत नाहीत. पोस्ट पेमेंट्स बँकेची खाती, विम्याचे प्रस्ताव, मेळावे, यातल्या बऱ्याच कामाचा मोबदला कमिशनने किंवा प्रोत्साहन रकमेने मिळतो, ते तासांत धरलेलं नसतं. उलट बाजूने, रेंज गेली की पगारी तास चालू आणि सेवा बंद. २०२५ मध्ये एपीटी ही पोस्टाची नवी संगणक प्रणाली आली तेव्हा कचेऱ्यांना व्यवहार थांबवावे लागले, त्या दिवसांचे तास वहीत पूर्ण भरलेले असणार. म्हणून पगारी तास हे मनुष्यबळाचं माप आहे, सेवेचं नाही. सेवा काढायची तर त्यातून रजा, बांधलेलं काम आणि बंद यंत्राचा वेळ वजा करावा लागतो.

अमेरिकेच्या टपाल खात्याने २०१२ मध्ये सुमारे १३ हजार ग्रामीण कचेऱ्यांसाठी हेच माप उघडपणे वापरलं. कचेरी बंद न करता कामाच्या प्रमाणात खिडकीचे तास दिवसाला सहा, चार किंवा दोन केले. लोक चिडले, पण दारावर आकडा लिहिलेला होता आणि त्यावर भांडता येत होतं. आपल्याकडे तासांची चौकट जुनीच आहे. तिच्यावर ग्रामसभेत चर्चा मात्र क्वचितच होते, चर्चा होते ती पोस्टमास्तरच्या स्वभावावर.

आपल्या कचेरीचा हिशेब काढायचा असेल तर माहिती अधिकारात मागता येतो. अर्ज डाक विभागाच्या अधीक्षकांच्या कार्यालयातील जनमाहिती अधिकाऱ्याकडे करायचा. जिल्हा आणि डाक विभाग एकच असतो असं धरू नका, हिंगोलीचं पोस्ट परभणी विभागात येतं. फी दहा रुपये, आणि इथेच अर्ज अडतात. राज्य सरकारच्या सवयीने लोक कोर्ट फी स्टॅम्प चिकटवतात. हे केंद्राचं खातं आहे, इथे दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडायची. नावं मागू नका, आकडे मागा: मंजूर पदं, भरलेली पदं, डेप्युटेशनवर बाहेर किती आणि किती दिवस, प्रत्येक शाखा डाकघरातल्या सेवकांची पायरी चार तासांची की पाच, आणि मागच्या तीन महिन्यांचे हजेरीचे दिवस. नियमित माणूस गुणिले आठ, सेवक गुणिले चार किंवा पाच, त्याला हजेरीच्या दिवसांनी गुणा आणि कामाच्या एकूण दिवसांनी भागा. येणारा रोजच्या तासांचा आकडा पाटीवरच्या पदांच्या तासांपेक्षा बुटका निघतो. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. साध्या तक्रारीसाठी १८०० २६६ ६८६८ हा नंबर आहे. त्यावर 'रांग फार आहे' असं मोघम सांगण्यापेक्षा 'अमुक तारखेला अकरा ते एक एकच खिडकी चालू होती' असं सांगितलेलं चालतं.

गावातल्या पोस्टातून मोठी रक्कम काढायची असेल तर आणखी एक. शाखा डाकघरातून बचत खात्यावर दिवसाला २०,००० पर्यंत काढता येतात, पण तेवढी रोकड तिथे पडलेली नसते. रोकड बॅगेतून येते आणि बॅग दिवसातून एकदाच. आदल्या दिवशी डेली अकाउंट लिहिण्याआधी जाऊन "उद्या वीस हजार लागतील" असं सांगितलं की बीपीएम ती मागणी त्या कागदावर टाकतो. दुसऱ्या दिवशी बॅग फुटल्यावर पैसे घ्यायला पहिल्या तासातच जायचं. दुपारपर्यंत ते छत्तीस अंगठ्यांत वाटले गेलेले असतात.